बाबांना गॉस्पेल ऐकवायचंय, कुठून सुरुवात करू?

निंबोणी
नमस्कार मंडळी. मी शिकागोजवळ राहते. बाबा गेल्या महिन्यात इकडे आलेत, पाच-सहा महिने राहतील. वय ७४, गाव सासवडजवळ. तीसेक वर्षांत वारी चुकलेली नाही. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, आता मनगट दुखतं म्हणून टाळ धरतात. इंग्रजी जेमतेम.

गेल्या रविवारी स्वयंपाक करताना मी अरीथा फ्रँकलिनचं 'अमेझिंग ग्रेस' लावलं होतं. बाबा हॉलमधून उठून ओट्याशी आले आणि म्हणाले, "हे कुणाचं कीर्तन गं?" मी गॅस बंद केला आणि आम्ही दोघं तिथेच उभ्याने पुढचा अर्धा तास ऐकत राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जानेवारी १९७२ मध्ये, १३ आणि १४ तारखेला, लॉस एंजेलिसच्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं. अरीथा तेव्हा सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांच्या लौकिक लोकप्रिय गाण्यांची, सम्राज्ञी होती, पण त्या दोन रात्री ती गायली ते लहानपणापासून येत होतं ते गॉस्पेल, काळ्यांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत. पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड, मागे त्यांचा सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, बेसवर चक रेनी. शीर्षकगीत दहा मिनिटांच्या वर चालतं आणि त्यात शब्द जेमतेम दोन कडव्यांचे. एकेका अक्षरावर ती इतकी रेंगाळते की बाबा म्हणाले, "ही चरण सोडतच नाही."

माझं मत असं की सोलचं माहेर चर्च आहे. सॅम कुक, ओटिस रेडिंग, अरीथा यांची प्रेमगीतं आपण ऐकतो, पण तो गळा तयार झाला रविवारी सकाळी चर्चमध्ये. ते ऐकल्याशिवाय सोल अर्धंच कळतं.

प्रश्न: भजनात मुरलेल्या माणसाला हे संगीत कोणत्या क्रमाने ऐकवावं? आणि माझं मत पटतंय का?

पेटीमास्तर
काय सुंदर प्रश्न आहे. पुढचं ध्वनिमुद्रण मी महालिया जॅक्सनचं सुचवेन, 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर', १९४७. रचना मेम्फिसच्या रेव्हरंड ब्रूस्टर यांची. अपोलो या छोट्या कंपनीने काढलेली ही तबकडी इतकी खपली की बाई देशभर माहीत झाल्या. साथीला पियानो आणि ऑर्गन, बस. लय बघा, आधी सावकाश, मग पायरी पायरीने चढत जाते. काकांना त्यातला 'चढ' लगेच समजेल.

महालियांचं लहानपण न्यू ऑर्लिन्समध्ये गेलं. घराशेजारी सँक्टिफाइड पंथाचं चर्च होतं. तिथे ऑर्गन नव्हता, होते ढोल, खंजिरी आणि पायांचे ठेके. तो ठेका त्यांच्या गाण्यातून कधी गेला नाही. पुढे ब्लूज, म्हणजे काळ्यांची लौकिक सुखदुःखाची गाणी, गाण्यासाठी पैशांची आमिषं आली, पण त्या गायल्या नाहीत.

सातारी_कंदी
काकांना आमच्याकडे पाठवा, मंडळाला टाळकरी हवाय. वाचनखूण साठवली आहे, लिहीत राहा.

विनायलवेडा
निंबोणीताई, मत बरंचसं पटलं. पण क्रमात गायक-पियानोवादक रे चार्ल्स हवाच, कारण चर्च आणि सोलचा सांधा तिथे दिसतो.

१९५४ मध्ये रे चार्ल्स बँडसोबत गाडीतून चालले होते. रेडिओवर सदर्न टोन्स या गटाचं 'इट मस्ट बी जीझस' लागलं. चाल तीच, ठेका तोच, देवाच्या जागी बाई, आणि झालं 'आय गॉट अ वूमन'! त्याच नोव्हेंबरात अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनवर ध्वनिमुद्रण केलं. पुढच्या वर्षी गाणं तुफान चाललं, आणि पुष्कळ लोक संतापले. बिग बिल ब्रून्झीसारखा ब्लूजचा बुजुर्गसुद्धा म्हणाला की हा भक्तीचं आणि ब्लूजचं मिश्रण करतोय, हे बरोबर नाही.

सॅम कुकची तर आणखी पंचाईत. ते सोल स्टिरर्स या गॉस्पेल गटाचे मुख्य गायक, चर्चमधल्या बाया त्यांना ऐकून अक्षरशः मूर्च्छित पडायच्या. १९५६ मध्ये त्यांनी पहिलं लौकिक गाणं 'लव्हेबल' काढलं ते डेल कुक अशा टोपणनावाने, भक्तांना कळू नये म्हणून. पण तो आवाज लपणार कसा? सगळ्यांनी ओळखला.

आबासाहेब_पुणे
रे चार्ल्सवर लोक संतापले हे वाचून मौज वाटली. आपल्याकडे गंगा उलटी वाहते. आमच्या भजनी मंडळात निम्मी भजनं सिनेमाच्या चालीवर. लग्नात वाजलेली चाल आठ दिवसांत विठ्ठलाच्या पायाशी! जुनी माणसं नाकं मुरडतात, पण म्हणतात जोरात. म्हणजे चाल देवाकडून बाजारात गेली काय किंवा बाजारातून देवाकडे आली काय, ती कुणाच्या बापाची नसते.

निंबोणी
आबासाहेब, बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चाल कुठूनही येऊ दे, म्हणणाऱ्याचं ध्यान कुठं आहे ते बघावं."

रानवारा
जरा वेगळा सूर लावते. गॉस्पेलला कीर्तन म्हणणं काकांच्या तोंडी गोड वाटतं, पण आपण सगळे तिथेच थांबलो तर एक मोठी गोष्ट निसटेल. हे गाणं गुलामगिरीतून आलंय. शेतांवर राबणाऱ्या माणसांना वाचायला शिकवणं अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता. पुढेही कित्येक चर्चांत स्तोत्राची पुस्तकं नसायची, असली तरी वाचता येणारे थोडे. मग एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती संथ, लांबवत म्हणायची. अरीथा अक्षर सोडत नाही म्हणता ना? ती लांबण तिथून आली आहे. त्यात कला आहे तशी सक्तीही आहे.

आणि 'अमेझिंग ग्रेस' कुणी लिहिलं? जॉन न्यूटनने. हा इंग्रज माणूस गुलामांची जहाजं चालवायचा. धर्माकडे वळल्यावरही काही वर्षं त्याने तो धंदा केला, पाद्री नंतर झाला. गुलामगिरीविरुद्ध जाहीरपणे लिहिलं ते म्हातारपणी. हे गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनासाठीचं. दोनशे वर्षांनी त्याच शब्दांवर गुलामांची पणती-खापरपणती उभी राहते आणि ते आपले करून टाकते. मला त्या दहा मिनिटांत हे ऐकू येतं.

आपला दुवा शोधायचाच तर तो इथे आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आणि अरीथाची ही तबकडी ज्या वर्षी आली, त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिकडच्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन.

पेटीमास्तर
रानवारा, प्रतिसाद फार आवडला. सक्तीतून आलेली लांबण हा विचार मी कधी केला नव्हता.

निंबोणी
रानवारा, मान्य. बाबांना हे सांगायला हवं होतं, मी फक्त गाणं लावलं. आज रात्री जेवताना न्यूटनची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत लाव." मी लावलं.

नगरची_लेक
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, एरवी वाचनमात्र असते. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली, माझ्या आजीचं बालपण मिशनच्या कंपाउंडात गेलं. आमच्याकडे कीर्तन आणि चर्च असे दोन वेगळे डबे नाहीतच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या, ओवीच्या छंदात ख्रिस्ती भजनं लिहिली. आमच्या उपासनेत पेटी-तबला असतो, टाळ असतात, आणि ख्रिस्ती कीर्तनही होतं. आजी टिळकांचं पद म्हणताना डोळे मिटायची, तसंच ओट्यावर भाकरी थापतानाही म्हणायची.

पण गॉस्पेल मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीला लागल्यावर, मैत्रिणीच्या घरी. धक्काच बसला. आमची प्रार्थना शांत, पडती. आणि इथे बाई देवाला हाक मारते ती जणू अंगणाच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाला मारावी तशी! धर्म एक, ग्रंथ एक, पण दुःख निराळं म्हणून गळा निराळा. म्हणून रानवाराशी शंभर टक्के सहमत.

काकांना सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं ऐकवा. अरीथाचे वडील, डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघायच्या आणि गाण्यांसारख्या खपायच्या. १९५३ चं गरुडाच्या घरट्याचं प्रवचन प्रसिद्ध आहे. बोलता बोलता कधी सुरात जातात कळत नाही, आणि समोरून लोक हुंकार देतात. भाषा कळली नाही तरी काकांना तो क्षण कळेल, कारण कीर्तनकार उत्तररंगात नेमका तेच करतो.

निंबोणी
नगरची_लेक, वाचनमात्र राहू नका, लिहीत जा. १९७२ च्या त्या ध्वनिमुद्रणाचं चित्रीकरणही झालं होतं. दुसऱ्या रात्री सी. एल. फ्रँकलिन पहिल्या रांगेत आहेत. लेक पियानोवर बसून गाते आहे, घाम निथळतो आहे आणि बाप उठून रुमालाने तिचा चेहरा पुसतो. बाबांनी तेवढा भाग तीनदा बघितला. मी त्यांच्याकडे बघत होते.

विनायलवेडा
त्या चित्रपटाची कहाणी वेगळीच आहे. दिग्दर्शक सिडनी पोलॅक. त्यांनी चित्रीकरणात क्लॅपबोर्ड (चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी आपटायची पाटी) वापरलाच नाही, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळवणं अशक्य झालं. रीळं पडून राहिली. पुढे संगणकामुळे जुळणी जमली, तरी प्रदर्शन रखडलं आणि चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ च्या अखेरीस, अरीथा गेल्यावर. शीर्षकगीताच्या वेळी क्लीव्हलंड तोंड झाकून रडताना दिसतात. आयुष्य चर्चमध्ये घालवलेला माणूस, त्याला काय नवीन? पण रडले.

पेटीमास्तर
आता थोडं वाद्याबद्दल, कारण तो माझा जिव्हाळ्याचा भाग. गॉस्पेलमध्ये मागून जो थरथरता, फुगत जाणारा आवाज येतो तो हॅमंड ऑर्गनचा. हे वाद्य १९३५ मध्ये बाजारात आलं. खरा पाइप ऑर्गन गरीब वस्तीतल्या चर्चला परवडणारा नव्हता, हा परवडला. आत दातेरी चक्रं विजेवर फिरतात आणि त्यातून सूर निघतो. समोर ओढायच्या पट्ट्या असतात, त्या कमीजास्त ओढून आवाजाचा रंग बदलायचा. जोडीला लेस्ली नावाचा स्पीकर, त्यात कर्णाच प्रत्यक्ष गरगर फिरतो. वादक एक कळ दाबतो, फिरण्याचा वेग वाढतो आणि आवाज शहारतो.

पाद्री बोलत असतो तेव्हा हा ऑर्गन गप्प नसतो. वाक्याच्या मागे हलकेच सूर धरून असतो, वाक्य चढलं की तोही चढतो. कीर्तनात पेटीवाला बुवांच्या बोलण्यामागे सूर धरतो, अगदी तसं. (रानवारा, तुलना केली, रागावू नका.) आपली पेटीही मूळची युरोपातलीच. दोन्हीकडे परक्या वाद्याला लोकांनी आपली भाषा शिकवली.

रानवारा
पेटीमास्तर, ही तुलना कमावलेली आहे. राग नाही!

जुना_दादरकर
मी सत्तरी ओलांडलेला सभासद. महालिया जॅक्सन १९७१ मध्ये भारतात येऊन गेल्या हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अमेरिकन सरकारतर्फे दौरा होता. कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि आपली मुंबई. दिल्लीच्या कार्यक्रमाला खुद्द इंदिरा गांधी होत्या. मी तेव्हा कॉलेजात, तिकीट मिळालं नाही, बघता बघता संपली. मित्राच्या घरी तबकडी ऐकून समाधान मानलं. पुढच्याच जानेवारीत, २७ तारखेला, बाई गेल्या. म्हणजे अरीथाच्या त्या दोन रात्रींनंतर दोनच आठवड्यांनी. शिकागोला अंत्यसंस्कारात अरीथाच गायली, 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड'. आणि तेच गाणं महालिया १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंगच्या अंत्यसंस्कारात गायल्या होत्या. दादरच्या त्या खोलीतला तो रेकॉर्ड प्लेअर अजून डोळ्यांसमोर आहे.

निंबोणी
काका, अंगावर काटा आला. 'प्रेशस लॉर्ड' लिहिणारे टॉमस डॉर्सी आमच्या शिकागोचेच. १९३२ मध्ये ते कार्यक्रमासाठी सेंट लुइसला गेले असताना इकडे बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळही. त्या दुःखात हे गाणं आलं. ज्या पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी अनेक दशकं संगीत सांभाळलं, ती वास्तू २००६ च्या आगीत जळाली. भिंती उरल्या. बाबांना तिथे नेऊन आणायचं ठरवलंय.

मुद्दाम_विरोधक
सगळे भारावलेले दिसताय, म्हणून मूळ मताला हात घालतो. सोलचं माहेर चर्च, हे अर्धसत्य आहे.

एक. निंबोणी, तुम्ही ज्या डॉर्सींबद्दल लिहिलंत, ते आधी 'जॉर्जिया टॉम' नावाने गायिका मा रेनीसोबत ब्लूज वाजवायचे, चावट गाणीही लिहायचे. तीच वळणं त्यांनी चर्चमध्ये आणली तेव्हा कित्येक पाद्र्यांनी त्यांना दारातून परत पाठवलं. म्हणजे १९३० च्या दशकात ब्लूज चर्चमध्ये गेला आणि १९५० च्या दशकात रे चार्ल्सने चर्च ब्लूजमध्ये आणलं. मग माहेर कुठलं आणि सासर कुठलं?

दोन. डेट्रॉइटला मोटाउन या सोल कंपनीच्या तबकड्यांवर वाजवणारे बहुतेक जण जॅझ क्लबमधले. मेम्फिसला स्टॅक्स या दुसऱ्या सोल कंपनीचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमागृह, जमीन तशीच उतरती ठेवलेली. तिथल्या घरच्या बँडमध्ये दोन काळे, दोन गोरे, तेही दक्षिणेत वंशभेद जोरात असताना. अरीथाला खरी वाट सापडली ती १९६७ च्या जानेवारीत अलाबामातल्या मसल शोल्सला, आणि तिथे साथीला गोरी पोरं होती. 'आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन'ची सुरुवात स्पूनर ओल्डहॅमने इलेक्ट्रिक पियानोवर काढली आणि गाणं उभं राहिलं. गळा चर्चचा, कबूल. पण तबकडी एकट्या गळ्याने होत नाही.

विनायलवेडा
मुविंचा मुद्दा जोरदार आहे. तरी त्या गोऱ्या पोरांनी वाजवलं काय? चर्चचाच पियानो! आणि 'रिस्पेक्ट' घ्या. १९६५ चं ओटिसचं मूळ गाणं म्हणजे दमून घरी आलेल्या नवऱ्याची मागणी. १९६७ मध्ये अरीथाने ते उलटं केलं. मागे बहिणी उत्तरं देतात, मध्येच अरीथा अक्षरं सुटी करून म्हणते. हे सवाल-जवाब त्या चर्चमध्येच शिकल्या.

मुद्दाम_विरोधक
ते मान्य. माझं भांडण 'माहेर' या एका शब्दाशी आहे. एक वाट नव्हती, येजा होती.

आबासाहेब_पुणे
म्हणजे माझ्या चालीच्या मुद्द्यालाच अनुमोदन मिळालं की.

ठेकेदार९९
मी इथला बहुधा सर्वात लहान. माझ्या पिढीपर्यंत हे कसं पोचलं ते सांगतो. विनायलदादांनी सांगितलेलं 'आय गॉट अ वूमन' २००५ मध्ये कान्ये वेस्टच्या 'गोल्ड डिगर'मध्ये आलं. म्हणजे चर्चचं गाणं, त्यातून रे चार्ल्स, त्यातून रॅप. आम्ही कॉलेजात त्यावर नाचलो, मुळात कुठे जाऊन पोचतंय याचा पत्ता नव्हता.

दुसरं त्याहून मोठं. १९६९ मध्ये विन्स्टन्स नावाच्या सोल बँडने तबकडीच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' असं वाद्यसंगीत टाकलं, गॉस्पेलच्या 'आमेन'वरून. त्यात ग्रेगरी कोलमनने चार मात्रांची चार आवर्तनं एकट्याने ड्रम वाजवला, जेमतेम सहा सेकंद. ते सहा सेकंद हजारो गाण्यांत कापून वापरले गेलेत, इंग्लंडमधला जंगल हा नृत्यसंगीताचा सगळा प्रकार त्यावर उभा आहे. मी स्वतः संगणकावर ठेके बनवतो, माझ्याही फोल्डरात ते आहेत. कोलमनना त्याचं मानधन कधीच मिळालं नाही. हे कळल्यापासून ते वापरताना प्रत्येक वेळी त्यांचं नाव लिहितो.

नगरची_लेक
ठेकेदार, नाव लिहिता हे वाचून बरं वाटलं.

सातारी_कंदी
जाता जाता, 'हम होंगे कामयाब' शाळेत सगळ्यांनी म्हटलं असेल. गिरिजाकुमार माथुरांनी केलेलं ते रूपांतर 'वी शॅल ओव्हरकम'चं. त्याची मुळं काळ्या चर्चच्या गाण्यांत आहेत. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या बाया संपावर होत्या, त्यांनी ते संपात म्हटलं आणि तिथून ते काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीत गेलं. पंधरा ऑगस्टला मैदानात उभं राहून आपण गॉस्पेल म्हणत होतो, आणि बाईंनी सांगितलंच नाही!

जुना_दादरकर
उलट दिशेचंही एक. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या चर्चमध्ये एडविन हॉकिन्सच्या तरुण गायकवृंदाने १९६७ मध्ये 'ओ हॅपी डे' मुद्रित केलं, दोन वर्षांनी ते जगभर वाजलं. ते ऐकून बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला 'माय स्वीट लॉर्ड' सुचलं. त्यात कोरस 'हालेलुया' म्हणता म्हणता 'हरे कृष्ण'वर येतो आणि शेवटी 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु' ऐकू येतं. निंबोणी, वडिलांना हे ऐकवच. काही सांगू नकोस, नुसतं लाव.

निंबोणी
लावलं! 'गुरुर्ब्रह्मा' आल्यावर बाबांनी हात जोडले आणि मग मोठ्याने हसले.

आता सगळ्यांचे आभार मानून सांगते. मुवि, 'माहेर' हा शब्द मी मागे घेते, येजा जास्त खरं आहे. क्रम शेवटी असा ठरला: आधी महालिया, मग डॉर्सींची गोष्ट आणि 'प्रेशस लॉर्ड', मग सॅम कुक आधी सोल स्टिरर्सबरोबरचे आणि लगेच 'अ चेंज इज गॉना कम', शेवटी परत अरीथा. सॅम कुकच्या गाण्यामागची हकीकतही सांगितली, की लुइझियानात एका हॉटेलाने जागा नाकारली आणि काही महिन्यांत, जानेवारी १९६४ ला, त्यांनी हे गाणं मुद्रित केलं. बाबा म्हणाले, "चोख्याला दाराबाहेर ठेवला होता, तसंच."

एक गंमत सांगायची राहिली. बाबा रेकॉर्डबरोबर टाळी धरायचे ती समेवर, पहिल्या मात्रेवर. आणि चर्चमधली मंडळी टाळी देतात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आठ दिवस आमच्या घरात दोन टाळ्या चालू होत्या, एक रेकॉर्डमधली, एक सोफ्यावरची. बाबा वैतागायचे, "ही माणसं सम सोडून टाळी का देतात?" पेटीमास्तर, यावर काही सांगाल?

पेटीमास्तर
सम त्यांच्या पायात असते. पाऊल एकवर पडतं, हात दोनवर. काकांना म्हणावं उभे राहून ऐका, बसून नको. वारीत चालताना टाळ वाजवलेत ना, मग जमेल.

निंबोणी
पेटीमास्तर, आज सकाळी 'हाऊ आय गॉट ओव्हर' लावलं आणि बाबांना उभं केलं. स्वयंपाकघर ते हॉल अशा दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला टाळी दोनवर पडली. आता म्हणतात, पुढच्या रविवारी पिल्ग्रिम चर्चच्या भिंती बघायला जाऊ, टाळ बरोबर घे.